गांडुळांचा डबा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून घरच्या घरी गांडूळखत करण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली, मेल आले, काहींनी तर आपल्या डब्याचे फोटोच पाठवले. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. सुरुवातीला एकच सांगते, कारण निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे. हा कचऱ्याचा डबा नाही, ही पाळलेली जनावरं आहेत. दारात गाय असली तर तिला काय पचतं, तिला ऊन लागतंय का, पाणी आहे का हे आपण बघतोच ना, तसंच इथे बघायचं. ज्यांच्याकडे बिघडलंय त्यांच्याकडे बहुतेक वेळा हेच राहून गेलंय.

डोंबिवलीहून एक वाचक: ताई, आमचा वन बीएचके आहे, गॅलरी चार बाय सहाची, त्यातच वॉशिंग मशीन. घरात चौघं. एवढ्याशा जागेत जमेल का? आणि वास आला तर शेजारी भांडतील ही भीती वाटते.

जमेल, नक्की जमेल. ४०-५० लिटरचा एक टब पुरतो, तो मशीनच्या शेजारी किंवा ओट्याखालीही बसतो. फक्त तो पारदर्शक नको, गांडुळांना डोळे नसतात पण उजेड त्यांच्या कातडीला कळतो आणि सोसत नाही. टब फार खोलही नको, दीड फूट बास, कारण ही गांडुळं वरच्या थरातच राहतात. बुडाला आणि वरच्या कडेला बारीक भोकं पाडायची, खाली दोन विटा आणि एक जुना ट्रे.

आता आत काय घालायचं तर आधी अंथरूण. वर्तमानपत्राच्या पट्ट्या, खोक्यांचे पुठ्ठे फाडून (चिकटपट्टी काढून टाका, गुळगुळीत चकचकीत कागद नको), त्यात भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन-तीन ओंजळी जुनं शेणखत आणि मूठभर बागेतली माती. माती कशाला तर गांडुळाला दात नसतात, कोंबडीसारखी त्याच्या पोटात एक दळणारी पिशवी असते, तिला दळायला बारीक खडे लागतात. हे सगळं ओलं करायचं पण किती ओलं तर मुठीत घट्ट पिळलं की एक-दोन थेंब पडले पाहिजेत, धार लागली तर जास्त झालं. असं आठ-दहा दिवस झाकून ठेवा आणि मग गांडुळं सोडा. बरेच जण टब, अंथरूण, गांडुळं सगळं एकाच दिवशी करतात आणि मग ती पळून जातात असं लिहितात. नवीन जागेत पहिल्या दोन-तीन रात्री ती भटकतातच, तेव्हा गॅलरीतला दिवा चालू ठेवा, उजेडामुळे ती आतच राहतात.

वासाचं म्हणाल तर नीट चाललेल्या डब्याला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो, दुसरा कुठलाच नाही. कुबट, आंबट, नासका वास आला म्हणजे तुम्ही जास्त खाऊ घातलंय किंवा पाणी जास्त झालंय. आठवडाभर काही घालू नका, कोरडे कागदाचे तुकडे मिसळा, हलक्या हाताने वरखाली करा. जातो वास.

आणि एक खरं खरं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही आणि मग लोक निराश होतात. चौघांच्या घरात रोजचा ओला कचरा पाऊण किलोच्या आसपास निघतो. गांडुळं चांगली रुळली की रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातात. म्हणजे अर्धा किलो गांडुळं आणलीत तर पाव किलो कचरा, आणि तोही रुळल्यावर. पहिल्या दिवसापासून घरातला सगळा कचरा त्यात जाणार नाही, उरलेल्यासाठी शेजारी साधी कंपोस्टची बादली ठेवा. त्यांची संख्या वाढत जाईल तसं तुमचं प्रमाण वाढवा.

कोथरूड, सातारा आणि नाशिकहून आलेल्या पत्रांतला सारखा प्रश्न: काय घालायचं आणि काय नाही? चहाचा चोथा, लिंबाची सालं, उरलेली भाजी-पोळी, देवाची फुलं?

आधी एक समजून घेऊ. गांडूळ ताजं साल खातच नाही. साल आधी मऊ पडतं, त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्या जिवाणूंसकट तो लगदा गांडूळ खातं. म्हणून आज घातलेली काकडीची सालं उद्या तशीच दिसली म्हणून घाबरू नका. बारीक चिरून घातलं किंवा एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवून मग घातलं तर लवकर मऊ पडतं, लवकर संपतं.

बेधडक घाला: भाज्यांची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, मेथीचे देठ, दुधी-भोपळ्याचा गर, केळ्याची सालं, कलिंगडाची सालं (ही त्यांना फार आवडतात, एका कलिंगडाच्या सालाखाली गुच्छाने सापडतात), पपई, निवडलेल्या पालेभाजीचा पालापाचोळा.

चहाचा चोथा चालतो पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला, म्हणून चोथा गाळणीतच नळाखाली धुवा आणि मग घाला. न धुता घातला की दोन दिवसांत मुंग्यांची रांग लागते, हे मी स्वतः बघितलंय. अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमधून भुकटी करून आठवड्याला चमचाभर, त्याने आंबटपणा कमी होतो आणि पोटातल्या दळणालाही मदत होते. ज्यांच्या घरात अंडी येत नाहीत त्यांनी शेतीचा चुना चिमूटभर वापरावा, पण पानाला लावायचा चुना अजिबात नको, तो दाहक असतो.

लिंबू-मोसंबीची सालं अगदी थोडी, खरं तर टाळाच. कांदा-लसणाची सालं, मिरच्यांचे देठ थोडे असतील तर ठीक, ढीग नको. मीठ, तेल, फोडणी पडलेलं काही नको. लोणच्याचा खार, शिळी आमटी, वरणभात, दही, मांस-मासळी हे सगळं नाही म्हणजे नाही. गांडूळ कातडीने श्वास घेतं, फुप्फुस नाही त्याला, कातडी ओलसर राहिली तरच ते जगतं, आणि मीठ ती कातडीच कोरडी करतं. ज्या भाजीत आपण चमचाभर मीठ घातलंय ती त्याच्या अंगावर टाकायची म्हणजे काय होत असेल विचार करा. भात आणि पोळीत मीठ नसलं तरी भाताचे गोळे आंबतात, गरम होतात आणि माश्यांना बोलावतात. मुळात उरलेलं अन्न डब्यात टाकायला नकोच, ते कुणाच्या तरी पोटात जावं.

देवाची फुलं घाला, झेंडू-शेवंती छान कुजतात, फक्त दोरा, तारा, प्लॅस्टिकची चमकी काढा आणि कुंकू-हळद-अष्टगंधाने माखलेली असतील तर पाण्यातून काढून घ्या. गणपतीत, दसऱ्यात एकदम टोपलीभर फुलं येतात, ती सगळी एकदम नाही, वाळवून ठेवा आणि महिनाभर थोडी थोडी घाला.

आंब्याची कोय, नारळाची करवंटी, कणसाचं बुरकुंड, फणसाची चारखंडं वर्षभरात कुजणार नाहीत, ती कंपोस्टच्या बादलीत किंवा झाडाच्या बुंध्याशी.

नागपूरहून: मे महिन्यात दोन दिवस लग्नाला गेलो, परत आलो तर सगळी गांडुळं मेलेली, डब्यात नुसता चिखल आणि घाण वास. फार वाईट वाटलं. पुन्हा करायचं की नाही?

वाईट वाटणारच, जिवंत होती ती. माझ्याही हातून असं झालंय. पहिल्याच वर्षी हौसेने गोठ्यातून ताजं शेण आणलं आणि थेट टबात घातलं, ताजं शेण कुजताना तापतं हे माहीत नव्हतं, सकाळी बघते तर जी पळू शकली ती झाकणाला आतून चिकटलेली आणि बाकीची गेलेली. तेव्हापासून शेण दोन-तीन आठवडे तरी उघड्यावर निवल्याशिवाय मी वापरत नाही.

तुमच्याकडे मात्र उन्हाने मारलं. आपल्याकडे जी लाल बारीक गांडुळं विकत मिळतात, आयसेनिया फेटिडा, त्यांना १५ ते २५ अंश मानवतं, ३०च्या वर ती त्रासतात आणि ३५च्या पुढे टिकत नाहीत. नागपूरचा मे ४५ला जातो, प्लॅस्टिकचा बंद टब गॅलरीत असेल तर आत काय भट्टी झाली असेल. आफ्रिकन म्हणून जी मोठी जांभळट गांडुळं मिळतात, युड्रिलस युजेनी, ती उबदार हवेतली, महाराष्ट्रात बरीच वापरली जातात, पण ४५ त्यांनाही सोसणार नाही. त्यांना थंडीही मानवत नाही, म्हणून नाशिक-महाबळेश्वरकडच्यांनी डिसेंबरात जपावं.

पुन्हा करा, पण विदर्भ-मराठवाड्यात प्लॅस्टिक सोडा आणि मातीचा मोठा माठ किंवा कुंडी घ्या, माती पाझरते आणि माठातलं पाणी जसं गार राहतं तसंच आतलं अंथरूण गार राहतं. मार्चपासूनच घराच्या आत, जमिनीवर, कूलरची हवा लागते त्या खोलीत ठेवा, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर आणा, कारण कुजताना उष्णता सुटते, जास्त कचरा म्हणजे जास्त गरमी. गावाला जाताना खाऊ घालून जायची आपली सवय असते, ती इथे उलटी करा. ओलं गोणपाट घालून तसंच जा, पंधरा दिवस ती अंथरूण खाऊन राहतात, उपाशी मरत नाहीत. सुरुवात पुन्हा करायची ती जूनचे दोन पाऊस झाल्यावर.

चिपळूणहून: पावसात आमच्या अंगणात, पायवाटेवर ढिगाने गांडुळं येतात. तीच गोळा करून टबात टाकली तर? विकत कशाला आणायची?

तो मोह सगळ्यांनाच होतो पण नका करू. अंगणातली बहुतेक गांडुळं मातीत खोल बिळं करून राहणारी, माती खाणारी, त्यांना टबातला भाजीचा लगदा नकोच असतो, ती उपाशी मरतील नाहीतर निघून जातील. खतासाठी लागतात ती पृष्ठभागावर, कुजत्या पाल्यात राहणारी. तुमच्याकडे जुन्या शेणाच्या उकिरड्यात वरच्या थरात जी लालसर चपळ गांडुळं दिसतात, हात लावला की वळवळून उड्या मारल्यासारखं करतात, ती चालतात, त्यातली बरीचशी पेरिओनिक्स जातीची आपली देशी असतात. ओंजळभर तिथून आणा, पैसे लागणार नाहीत. फक्त ती फार भटकी आहेत, वादळी पावसाच्या रात्री टबातून मोर्चा निघतो, झाकणाखाली कापड घट्ट बांधा.

विकत घेणाऱ्यांनी एक बघावं. मी एकदा किलोच्या भावाने पिशवी आणली, निम्मी माती आणि गांडुळं मोजून शंभर. ओंजळ उघडून बघून, हलतायत ना ते बघून घ्या. चांगली असतील तर एक किलोत हजाराच्या आसपास मोठी गांडुळं भरतात. जवळ कृषी विज्ञान केंद्र असेल तर तिथे आधी विचारा.

ठाण्याहून: डब्यात चिलटं झालीत, बारीक पांढरे धागे वळवळतात आणि आता तर बोटाच्या पेराएवढ्या करड्या अळ्या दिसल्या. घरच्यांनी डबा फेकायला सांगितलाय.

फेकू नका. तिन्ही वेगळी आहेत आणि तिघांपैकी कुणीही तुम्हाला किंवा गांडुळांना चावत नाही.

चिलटांची अंडी फळांच्या सालावरूनच घरात येतात. सालं फ्रीजरमध्ये एक रात्र ठेवून घाला, घातल्यावर त्यावर दोन इंच कागदाचा थर आणि वर ओलं गोणपाट, उघडं काही ठेवू नका. पांढरे धागे म्हणजे छोटे पांढरे कृमी, ते वाढले की समजा आंबटपणा वाढलाय, अंड्याची भुकटी घाला आणि आठवडाभर फळं बंद. करड्या चपट्या अळ्या सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या, ती माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, रोग पसरवत नाही. अळ्या मात्र खादाड, गांडुळांच्या आधी सगळं फस्त करतात. शिजलेलं अन्न पडलं की त्या येतात, तुमच्या घरी कुणीतरी उरलेली भाजी टाकतंय का ते बघा. चिमट्याने उचलून झाडाखाली टाका, पक्षी खातील. औषध कुठलंही फवारू नका, गांडुळं आधी मरतील.

मुंग्या आल्या तर डबा कोरडा पडलाय. पाणी शिंपडा, विटा पाणी भरलेल्या वाट्यांमध्ये ठेवा, पण त्या पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका नाहीतर तिथे डासांची अंडी होतील. डेंग्यूचे दिवस आहेत, हे विसरू नका.

सांगलीहून एक आई: मुलीच्या वर्गात कुणीतरी सांगितलं की गांडूळ मधून कापलं तर दोन गांडुळं होतात. ती विळी घेऊन बसली होती! खरं आहे का?

नाही, आणि तिला आजच सांगा. डोक्याकडचा भाग वेगळा, शेपटीकडचा वेगळा. मेंदू, हृदयाचं काम करणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या पाच जोड्या, दळणारी पिशवी सगळं पुढच्या भागात असतं. शेपटीचा थोडा तुकडा तुटला तर पुढचा भाग कधीकधी जगतो, शेपूट भरून काढतो, पण तुटलेल्या शेपटीचं नवीन गांडूळ होत नाही, ती थोडा वेळ वळवळते आणि मरते. त्या वळवळण्यालाच लोक दोन झाली म्हणतात.

दोनाची वीस कशी होतात ते तिला दाखवा ना, ते जास्त सुंदर आहे. मोठ्या गांडुळाच्या अंगावर डोक्याकडे एक जाडसर पट्टा दिसतो, तो दिसला म्हणजे ते वयात आलं. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही, तरी दोघं लागतातच. मग त्या पट्ट्यातून एक कोष सुटतो, काडीपेटीच्या गुलाएवढा, अगदी लिंबाच्या आकाराचा, आधी पिवळसर आणि मग तपकिरी. तीनेक आठवड्यांनी त्यातून दोन-चार पिल्लं निघतात, पांढुरक्या धाग्यासारखी, दीड-दोन महिन्यांत ती मोठी. पांढऱ्या बशीत थोडं खत पसरा, भिंग द्या तिच्या हातात, तासभर ती तिथून उठणार नाही. माझी भाची आठ वर्षांची असताना तिने एका दुपारी एकतीस कोष मोजले होते आणि सगळे परत ठेवायला लावले होते मला.

अकोल्याहून: सासूबाई म्हणतात घरात गांडुळं आली की साप येतात.

सासूबाईंनी वाड्यात, शेतात उकिरड्याशी साप पाहिले असतील, तिथे उंदीर-बेडूक असतात, त्यांच्यामागे साप येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या झाकलेल्या टबाकडे साप येत नाही. तळमजला असेल तर डब्याभोवती अडगळ ठेवू नका, जागा झाडलेली असू द्या. आणि त्यांनाच विचारा शेणखत किती मुरलं की वापरायचं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पुण्याहून सोसायटीचे सेक्रेटरी: आमच्या सोसायटीत १२० फ्लॅट. गांडूळखताचा हौद बांधावा का?

रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा निघणाऱ्यांना घनकचरा नियमांनी मोठा कचरा निर्माता धरलंय, तुम्ही त्याच्या जवळपास असाल, तेव्हा ओला कचरा आवारातच जिरवायचा विचार आज ना उद्या करावाच लागेल. हौद बांधा पण १२० घरांतून सुका कचरा वेगळा येतोय का ते आधी तीन महिने बघा, कारण एका घरातून डायपर किंवा फिनेलची बाटली आली की गांडुळांचा हौद गेला. आणि रोज लक्ष देणारा एक माणूस नीट पगारावर ठेवा. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पाला मिळकत करात सवलत देते, पण प्रकल्प चालू हवा, नुसता बांधून ठेवलेला नाही.

न्यू जर्सीहून: इथे थंडीत गराजमध्ये ठेवलं तर चालेल का? आणि जास्त झालेली गांडुळं मागच्या झाडीत सोडू का?

गराज गोठत नसेल तर चालेल, त्याहून बेसमेंट बरं. तुमच्याकडे लाल गांडुळांना आमच्यापेक्षा सोपं जातं खरं तर. पण झाडीत सोडू नका. उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर हिमयुगात बर्फ होता तिथल्या जंगलात गांडुळं नव्हतीच, ती नंतर युरोपातून आली, आणि आता आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळं तिथल्या जंगलातला पानांचा थर फस्त करतायत, त्या थरावर जगणारी रोपं उघडी पडतायत. आपल्याकडे गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र असं शाळेपासून पाठ आहे, ते आपल्या शेताला खरं आहे, तिथल्या जंगलाला नाही. जास्त झाली तर ओळखीच्यांना टबासकट द्या. खत बाहेर घालायच्या आधी पातळ थर करून दोन-चार आठवडे कडक थंडीत गोठवून घेतलंत तर राहिलेली गांडुळं जातात, पण त्यांचे कोष थंडी सोसतात, म्हणून ते खत घरातल्या कुंड्यांनाच वापरा.

कोल्हापूर आणि पणजीहून: खाली ट्रेमध्ये काळं पाणी जमतं, ते व्हर्मीवॉश ना? आणि खत काढायचं कधी, गांडुळं वेगळी कशी करायची?

ते व्हर्मीवॉश नाही. व्हर्मीवॉश म्हणजे तयार खताच्या, भरपूर गांडुळं असलेल्या थरातून मुद्दाम थेंब थेंब पाणी सोडून खाली गोळा केलेलं. तुमच्या ट्रेत जमतं तो अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा निचरा. वास नसेल तर दहापट पाणी घालून शोभेच्या झाडांना द्या, कोथिंबीर-पालकाला नको. वास असेल तर ओतून टाका. आणि रोज वाटीभर जमत असेल तर डबा फार ओला आहे, आधी ते बघा. गोव्या-कोकणात पावसाळ्यात हवाच ओली, तिथे जून ते सप्टेंबर पाणी घालायची गरज जवळजवळ नसते, उलट रोज मूठभर कोरडा कागद लागतो.

खत अडीच-तीन महिन्यांनी तयार होतं. काळं, चहापत्तीसारखं दाणेदार, कुठलं साल कुठलं कळेनासं झालं की समजायचं. मग सगळं एका बाजूला सरकवा, रिकाम्या बाजूला नवीन अंथरूण आणि कलिंगडाचं साल, खाणं फक्त तिकडेच. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गांडुळं चालत तिकडे जातात. उरलेल्यांसाठी खताचे छोटे ढीग उजेडात कागदावर करा, ती खाली खाली जातात, वरचं खत हाताने काढत राहायचं, शेवटी बुडाशी गांडुळांचा गोळा उरतो, तो परत टबात. घाई करू नका, एका दुपारचं काम आहे आणि उन्हात मात्र नाही, सावलीत.

खत सावलीतच सुकवा, ओलसर असतानाच चाळून ठेवा. कुंडी भरताना चार भाग मातीला एक भाग, आणि भरलेल्या बारा इंची कुंडीला महिन्यातून एक-दोन मुठी वरून. तुळस, मोगरा, कढीपत्ता यांच्यात फरक लगेच दिसतो. त्यातून टोमॅटो-भोपळ्याची रोपं उगवली तर दचकू नका, हे खत तापत नाही म्हणून बिया जिवंत राहतात.

आणि चाळणीत वर जे राहील ते फेकायच्या आधी एकदा नीट बघा. त्यात ते लिंबाच्या आकाराचे कोष अडकलेले असतात. ते वेचून परत डब्यात टाका.